टिटवीचा वाटा

१

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधलं माझं काम डोकं बाजूला काढून ठेवलं तरी जमेल असं आहे. सकाळी साडेसातला कुलूप काढायचं, चोवीस मशीन एकेक करून चालू करायची, कुठला माऊस मेलाय आणि कुठली वायर पोरांनी उपटलीय ते बघायचं. शाळा सुटताना 'आजची नोंद' नावाचं पान उघडून दिवसभरात काय बिघडलं ते त्यात लिहायचं. ते पान माझं आणि मुख्याध्यापकांचं सामाईक आहे. मी लॅबमध्ये लिहिते, सर त्यांच्या खोलीत वाचतात. वाचतात असं मी आपलं धरून चालते.

भाषेच्या बाईंनी दोन वर्षांपूर्वी असंच सामाईक पान वर्गात आणलं. चार मुलांचा एक गट, गटाला एक पान, आणि चौघांनी आपापल्या मशीनवरून त्या एकाच पानावर एकाच वेळी निबंध लिहायचा. एकाने वाक्य सुरू करावं, दुसऱ्याने पुरं करावं, तिसऱ्याने त्यातल्या चुका काढाव्यात. प्रत्येकाच्या अक्षरांना वेगळा रंग असतो आणि ज्याचा कर्सर जिथे असेल तिथे त्याच्या नावाची चिमुकली पट्टी फिरत असते. मुलं खूश होती, आणि खरं सांगायचं तर शिकतही होती. तास संपला की एक तक्ता निघतो: कोणाचा वाटा किती टक्के. बाईंचा त्या तक्त्यावर भारी जीव. "इथे लबाडी चालत नाही," असं त्या पालकांना सांगायच्या. "कोण राबलं आणि कोण नुसतं बसून राहिलं, सगळं आपोआप कळतं."

त्या मंगळवारी तिसऱ्या तासाला दहावीचा वर्ग लॅबमध्ये होता. मी खिडकीजवळच्या माझ्या मशीनवर सगळ्या गटांची पानं उघडून बसले होते. कुणाचं पान अडकलं तर मला सोडवावं लागतं. चौथ्या गटात या वर्षी तीनच मुलं आहेत. पानावर पट्ट्या मात्र चार होत्या. चौथी जांभळी होती. पहिल्या ओळीच्याही आधी, कोपऱ्यात उभी होती आणि लुकलुकत होती. काही लिहीत नव्हती.

तिच्यावर माझ्या मुलीचं नाव होतं.

२

माझ्या मुलीला घरात सगळे टिटवी म्हणतात. नाव माझ्या ताईने ठेवलं. ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, आमच्याकडेच राहते, पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन टाकून लोकांचे कपडे शिवते. पोर बोलायला लागली ती थांबेचना, तेव्हा ताई म्हणाली, "ही काय मुलगी आहे? टिटवी आहे टिटवी, झोपेत पण चालूच."

मागच्या वर्षी टिटवी नववीत होती, आणि मी त्याच शाळेत. लोक काय म्हणतील याची मला आधीपासून धास्ती. लॅबवाल्या बाईची मुलगी म्हणून तिला नवं मशीन मिळालं, असं कुणी म्हणायला नको. म्हणून सतरा नंबरला मी तिलाच बसवलं. सतरा नंबरचा कीबोर्ड मेलेला होता. त्या सत्रात मी तीन कीबोर्ड मागून बसले होते आणि तिसऱ्या वेळी सर म्हणाले होते, "कीबोर्ड काय खाता की काय तुम्ही?" चौथा मागायची माझी छाती झाली नाही. मी रोज नोंदीत 'सर्व मशीन चालू' असं लिहीत राहिले आणि टिटवीला म्हटलं, चालवून घे.

तिने चालवून घेतलं. स्क्रीनवर गटाचं पान उघडायचं, वाचायचं आणि बाकीच्या तिघांना सांगायचं. ती सांगायची, ते टाईप करायचे. पंधरावर डॉक्टरांची मुलगी, सोळावर बेकरीवाल्याचा मुलगा, अठरावर उंच पोरगी. तिघांची डोकी सतराकडे कललेली, आणि मधे माझी लेक हात हलवत बोलतेय, हे मी वर्षभर रोज बघत होते. त्यातल्या एका निबंधाला आंतरशालेय बक्षीस मिळालं.

बाईंनी प्रोजेक्टरने तक्ता भिंतीवर पाडला. एक्केचाळीस, तेहतीस, सव्वीस. आणि शून्य.

"बोलायला शंभर, लिहायला शून्य," बाई म्हणाल्या. वर्ग हसला.

टिटवी उभी राहिली. "बाई, मी सांगत होते. ते माझंच आहे."

"सांगत होती का ही?" बाईंनी तिघांना विचारलं. तिघं खाली बघत राहिली. मग बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही तर रोज इथेच असता. तुम्हीच सांगा."

माझी नेमणूक दरवर्षी नव्याने होते. पुढच्या आठवड्यात पत्र यायचं होतं. आणि खरं सांगितलं असतं तर कीबोर्डही निघाला असता. मी म्हटलं, "मी कामात असते, बाई. माझं लक्ष नसतं."

त्या दिवसापासून माझी मुलगी एक शब्द बोललेली नाही. घशाच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं, घसा स्वच्छ आहे म्हणाले. तिने शाळा सोडली. मला नेमणुकीचं पत्र आलं. ती पुन्हा माझ्याशी बोलावी, याच्यापलीकडे मला दहा महिन्यांत दुसरं काही सुचलेलं नाही.

३

पट्टी दिसल्याबरोबर मी बाहेर जाऊन ताईला फोन लावला.

"टिटवी काय करतेय?"

"काय करणार? माझ्यासमोर बसून बटणं लावतेय. का गं?"

"तिच्या हातात फोन आहे का कुणाचा?"

"माझा माझ्या कानाला आहे. तुझा तुझ्या. तिसरा कुठून येणार? बरं नाही का वाटत तुला?"

मी आत आले. पट्टी होतीच.

एका गोष्टीची कबुली आत्ताच देऊन टाकते. शाळा सोडलेल्या मुलांची नावं वर्षाच्या सुरुवातीला यादीतून काढणं हे माझं काम आहे. नावावर जायचं, बाजूचं बटण दाबायचं, संपलं. या वर्षी मी अकरा नावं काढली. बारावं काढायला हात उठला नाही. म्हणजे पट्टी दिसण्यात चमत्कार काही नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. नाव यादीत आहे, कुठल्यातरी पोराने तिचा पासवर्ड लावून उघडलं असेल. टवाळ पोरं आहेत, करतील.

मी चोवीस मशीनवरून एक चक्कर मारली. कुणीही दुसऱ्याच्या नावाने आत आलेलं नव्हतं. सतरा नंबरची खुर्ची रिकामी होती. तिथला कीबोर्ड आता नवा आहे. टिटवीने शाळा सोडली त्याच आठवड्यात आला.

४

गुरुवारी जांभळी पट्टी कोपऱ्यातून हलली.

डॉक्टरांची मुलगी टाईप करत होती. तिचा रंग हिरवा. मी माझ्या स्क्रीनवर बघत होते आणि तिची हिरवी अक्षरं उमटून क्षणभर टिकत होती, मग जांभळी होत होती. पूर्ण ओळ झाली, मग परिच्छेद. मला वाटलं माझ्या स्क्रीनचा दोष आहे. मी उठून तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. तिच्याही स्क्रीनवर तेच.

पण मला खटकलं ते वेगळंच. त्या वेळी वर्गात वीसेक मुलं होती आणि कीबोर्डांचा आवाज चालू होता, त्यामुळे चटकन ध्यानात आलं नाही. डॉक्टरांची मुलगी स्क्रीनकडे बघतच नव्हती. तिचं डोकं उजवीकडे कललेलं होतं. बेकरीवाल्याच्या मुलाचंही तसंच, उजवीकडे. अठरावरच्या उंच पोरीचं डावीकडे. तिघंही मधल्या रिकाम्या खुर्चीच्या बाजूला कान करून टाईप करत होती. मधूनच थांबत, एखादा शब्द पुन्हा ऐकावा तशी, आणि पुढे लिहीत.

"काय ऐकतेस गं?" मी विचारलं.

ती दचकली. "अॅक्च्युअली, काही नाही." तिला प्रत्येक वाक्य अॅक्च्युअलीनेच सुरू करायची सवय आहे.

तास संपला. तक्ता निघाला. तिच्या नावापुढे शून्य होतं. बाई चक्रावल्या, पण नियम तो नियम; त्यांनी तिला उभं केलं आणि काय लिहिलंस ते मोठ्याने वाचून दाखव म्हणाल्या. तिने तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याची शीर ताठ झाली, आणि आवाज आलाच नाही. मुलं आधी हसली. मग हसायची थांबली.

तिला घरी न्यायला डॉक्टर स्वतः आले. मी दारात उभी होते. आता मला वाईट वाटलं असं लिहिलं तर बरं दिसेल, पण खोटं कशाला लिहू? मला आतून गार वाटलं. दहा महिन्यांत पहिल्यांदा त्या दुपारी मी डबा पूर्ण खाल्ला.

५

घरी पोचले तर ताई दारातच. डोळ्यांत पाणी, गळ्यात मोजायची टेप तशीच लोंबतेय.

"अगं बोलली! पोर बोलली!"

माझ्या हातातली पिशवी तिथेच पडली. "काय बोलली?"

"शब्द नाही कळला नीट. आतल्या खोलीत एकटीच होती. मी मशीन थांबवलं आणि ऐकलं. बोलत होती, स्पष्ट."

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी दाराला कान लावला. पलंगाची फळी करकरली. मग आतून, अगदी सहज, कुणी गप्पा मारताना बोलावं तसा आवाज आला: "अॅक्च्युअली..."

आणि पुढे काही नाही.

"ऐकलंस?" ताई कुजबुजली. "इंग्रजी बोलतेय बघ. हुशारच आहे पहिल्यापासून."

मी हसले. ताईच्या समाधानासाठी हसले असं म्हणायला हवं, पण तेवढंच खरं नाही. टिटवीला नक्कल चांगली जमायची, लहानपणी ती दूधवाल्याची करायची. आजारातून उठणारं माणूस आधी दुसऱ्याचं काहीतरी बोलत असेल, असा मी तर्क लावला. तो आवाज नाकातून येणारा होता, थोडा लाडावलेला. नक्कल इतकी हुबेहूब असते का, हा विचार मी पुढे जाऊ दिला नाही.

रात्री जेवताना टिटवी नेहमीसारखीच गप्प होती. मी भाजी वाढली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. दहा महिन्यांत असं बघितलं नव्हतं. त्या नजरेत माया होती की नाही ते मला सांगता येणार नाही. पण बघितलं.

६

पुढचं झटपट झालं. मंगळवारी बेकरीवाल्याचा मुलगा, त्याच्या पुढच्या गुरुवारी उंच पोरगी. रंग जांभळा व्हायचा, तक्त्यात शून्य यायचं, आणि आवाज जायचा. पालकांमध्ये चर्चा सुरू झाली. कुणी साथीचं म्हणालं, कुणी परीक्षेची धास्ती. बेकरीवाला शाळेत येऊन सरांसमोर ढसाढसा रडला. पीठ लागलेले हात तसेच घेऊन आला होता. मी पाण्याचा ग्लास नेऊन दिला आणि त्याच्याकडे न बघता परत आले. तुमच्या मुलाने त्या दिवशी खाली बघितलं होतं, असं मला त्याला सांगायचं होतं.

बेकरीवाल्याच्या मुलाचा आवाज नुकताच फुटायला लागला होता. अर्धं वाक्य जाड, अर्धं बारीक. तोच आवाज मंगळवारी संध्याकाळी माझ्या घराच्या आतल्या खोलीतून आला.

ताई त्या वेळी कापड कापत होती. तिची कात्री थांबली. "आत कोण पोरगा आहे?"

"कुणी नाही. टिटवी आहे."

"तो बाप्याचा आवाज आहे गं."

"घसा बसलाय तिचा. इतके दिवस बोलली नाही, मग आवाज असाच येणार ना?"

ताईने माझ्याकडे बघितलं आणि कात्री ठेवून दिली. त्या दिवसापासून तिने तिचं शिवणाचं मशीन पुढच्या दाराच्या अगदी जवळ सरकवून घेतलं. विचारलं तर म्हणाली, उजेड चांगला येतो.

मला थांबवता येत होतं. एवढं मला कळत होतं. यादी उघडायची, बारावं नाव, बाजूचं बटण. रोज सकाळी मी ती यादी उघडायचे, त्या नावावर जायचे आणि बंद करायचे. तीन झाली होती. एक, बाईंचं, उरलं होतं, आणि ते मला बघायचंच होतं. मनात असाही हिशोब होता की ज्यांनी तिचं बोलणं घेतलं त्या सगळ्यांचं तिला मिळालं, की ती मोकळी होईल आणि मग माझ्याशी बोलेल. स्वतःचा नंबर मी त्यात कुठेच धरला नव्हता.

७

बाई लॅबमध्ये आल्या तेव्हा मधली सुट्टी होती. त्यांनी दार आतून लावलं. एरवी इस्त्रीची घडी न मोडणारी बाई, पण त्या दिवशी केसातली पिन उलटी लागली होती.

"एक बघता का?" त्या म्हणाल्या आणि त्यांनी त्यांचं पाठ-टाचणाचं पान उघडलं. "हं, हे बघा. मी लिहिते."

त्यांनी टाईप केलं. काळी अक्षरं उमटली, आणि शेवटाकडून सुरुवातीकडे जांभळी होत गेली. पानाच्या कोपऱ्यात बाईंचा वाटा दिसत होता. एकोणीस टक्के. आम्ही बघत असताना अठरा झाले.

"हे तुमच्या मुलीचं नाव आहे," बाई म्हणाल्या.

"हो. दिसतंय."

"ते काढा. यादी तुमच्याकडे असते ना? आत्ता काढा, माझ्यासमोर." त्यांचा आवाज कापत होता, पण होता. "तीन मुलं गेली माझ्या वर्गातली. मी काय केलं होतं? तक्ता वाचला. तुम्हाला विचारलंसुद्धा मी. तुम्ही सांगितलं असतं तर मी तेव्हाच..."

यातला शब्दन् शब्द खरा होता, आणि म्हणूनच माझं डोकं फिरलं. मी मशीनवरची धूळ पुसायचं फडकं उचललं आणि सावकाश पुसत म्हटलं, "मी कामात असते, बाई. माझं लक्ष नसतं."

बाई दार उघडून थेट सरांकडे गेल्या. दहा मिनिटांत सरांचा फोन आला. "त्या मुलीचं नाव अजून यादीत आहे का हो?"

"काढलं सर. कधीच काढलं," मी म्हटलं.

शुक्रवारी चौथ्या तासाला बाई नववीला कविता शिकवत होत्या. एक मुलगा वाचत होता, कडवं संपलं, बाईंनी हात वर करून नेहमीचं "हं, पुढे?" म्हणायला तोंड उघडलं. मुलगा वाट बघत राहिला. वर्ग वाट बघत राहिला. बाई हात तसाच ठेवून, तोंड उघडं ठेवून, घंटा होईपर्यंत उभ्या होत्या.

शिपायाने मला हे सांगितलं तेव्हा मी जिन्यात होते. कठड्याला धरून मी पोटभर हसले. असं हसू मला आधी कधी आलं नव्हतं, आणि ते थांबवताना फार त्रास झाला.

८

त्याच दिवशी शाळा सुटताना मी 'आजची नोंद' उघडली. लिहिलं: सर्व मशीन चालू.

अक्षरं जांभळी झाली.

मी वर गेले. कालची नोंद, परवाची, गेल्या महिन्याची. सगळं पान जांभळं होतं. मी तशीच वर वर, मागच्या वर्षापर्यंत गेले. 'सर्व मशीन चालू', 'सर्व मशीन चालू', रोजचं एक खोटं, सगळं तिच्या रंगात. पट्टी पहिल्या ओळीच्या आधी, कोपऱ्यात उभी होती. माझा वाटा सहा टक्के.

आता मी बटण दाबेन असं कुणालाही वाटेल. मी यादी उघडली, नावावर गेले. बोट माऊसवर होतं. नाव काढलं तर पट्टी जाईल. पण आतल्या खोलीतही मग काही येणार नाही, याची मला खात्री होती. कायमचं. माझी मुलगी उरलेलं आयुष्य बटणं लावत बसेल. सहा टक्क्यांपायी मी ते करणार नव्हते. इतकी मी वाईट आई नाही.

आणि मला दुसरा मार्ग दिसला. तिला माझा आवाज कशाला हवा असेल? त्या दिवशी जे बोलले नाही ते ऐकायचं असेल. ते अजून माझ्यात होतं. आवाजही होता.

शनिवारी दहावीच्या पालकांची सभा होती. लॅबमध्येच भरली, कारण खुर्च्या तिथे जास्त आहेत. सर, पालक, तीन गप्प मुलं, आणि शेवटच्या रांगेत बाई, मांडीवर पाटी-पेन्सिल घेऊन. मी स्विचबोर्डाजवळून पुढे आले आणि बोलले. सतरा नंबरचा कीबोर्ड मेलेला होता आणि ते मला माहीत होतं. तो निबंध माझ्या मुलीने सांगितला होता, अख्खा, आणि मी रोज बघत होते. विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. नोंदी खोट्या लिहिल्या. नाव काढलं हेही सरांना खोटं सांगितलं.

आवाज फाटका येत होता, पण आला. सर घसा खाकरून म्हणाले, "हे आता सांगून काय उपयोग? सोमवारी माझ्या खोलीत या."

नोकरी गेली, हे मला कळलं. मला त्याचं काही वाटलं नाही. दुपारी दोनच्या उन्हात मी जवळजवळ पळत घरी गेले.

९

ताई पुढच्या दाराशी मशीन चालवत होती. मला बघून ती दचकली.

"तू बाहेर कशी? आत्ता तर आत बोलत होतीस."

मी आत गेले. आतल्या खोलीत टिटवी पलंगाच्या कडेला, दाराकडे पाठ करून बसली होती. समोर कपाटाचा आरसा आहे.

"टिटवे," मी म्हटलं, "मी सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं."

हे माझ्या आवाजातलं शेवटचं वाक्य. त्याचा शेवटचा शब्द माझ्या तोंडून निघेपर्यंत खोलीत दुसऱ्याच बाजूने ऐकू आला.

मग ती बोलली. आधी नाकातून, लाडावलेल्या सुरात, मग फुटक्या जाड-बारीक, मग त्या उंच पोरीसारखी घाईघाईने, मग बाईंसारखी शब्द तोडून. एकेक शब्द एकेकाचा, पण वाक्य एकच होतं: "मला कळलं तू सांगितलंस, आई." आणि 'आई' हा शब्द माझ्याच आवाजात आला, ताईला फोनवर जसा ऐकू जातो तसा. आरशात तिचं तोंड दिसत होतं. ते मिटलेलं होतं.

मी तिच्यापुढे जमिनीवर बसले. काय काय बोलायचा प्रयत्न केला. नुसती हवा. ताईचा कापड बेतायचा कागद पलंगावर पडला होता, त्याच्या पाठीवर मी पेन्सिलीने लिहिलं: हे सगळे आवाज नकोत. तुझ्या आवाजात बोल. एकदाच.

तिने वाचलं. मग माझ्या आवाजात, मी तिला लहानपणी समजावायचे तितक्याच शांतपणे ती म्हणाली, "माझा नाही उरला."

मी मान हलवत राहिले.

"त्या दिवशी तू बोललीस, लक्ष नसतं म्हणालीस, त्याच्यानंतर मी अजून एकदा बोलले होते. एकच शब्द. तुला हाक मारली होती. उरला होता तेवढा सगळा त्यात गेला." ती थांबली. "ऐकलं नाहीस का?"

हे मी वर कुठे लिहिलेलं नाही. कुणालाच कधी सांगितलेलं नाही, सकाळच्या सभेतही नाही. तिने हाक हळू मारली होती. पंखे चालू होते, मुलं हसत होती, खुर्च्या सरकत होत्या. ऐकू आलं नाही असं म्हणायला भरपूर जागा होती. मी वळून स्विचबोर्डाची वायर तपासायला लागले होते, आणि ती आधीच नीट बसलेली होती.

मी कागद ओढून घेतला आणि लिहिलं: ऐकलं होतं.

तिने तो कागद वाचला. मग घडी घालून ताईच्या कापडांखाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. त्यानंतर त्या खोलीतून कुणाचाच आवाज आला नाही.